पत्र्याची किल्ली

कामगार नाट्यस्पर्धेत मी किल्लेदार होतो.
ठाण्यात, भरल्या थिएटरात,
कमरेला हातभर पत्र्याची किल्ली, आणि ते वाक्य:
"किल्ली कमरेला आहे, अन् कंबर वाकत नाही."
टाळ्या. मग वर्षभर
रबाळ्याच्या कंपनीत मी किल्लेदारच,
कँटीनवाल्यालासुद्धा.

संप झाला तेव्हा म्हणून मीच पुढारी.
एकशे बाराव्या दिवशी गेटवर, ड्रमवर चढून,
तेच वाक्य टाकलं.
टाळ्या पडल्या. पोशा भोईरच्या पडल्या नाहीत.
त्याच्या दोन्ही हातांत कॅन होते;
दिघ्याच्या टँकरवरून भरून घरी निघालेला,
थांबला, ऐकलं,
कॅन खाली न ठेवता.

आणि आठवलं:
नाटकात पखाल्या पोशाच होता.
तिसऱ्या अंकात रिकामी पखाल घेऊन यायचा,
तटाला टेकायचा, मरायचा.
एकही संवाद नाही.
मी त्याला ओलांडून जायचो
माझ्या वाक्याकडे.

सकाळी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो.
खुर्ची दिली नाही त्यानं.
निम्म्या मागण्या सोडल्या.
सही करायला वाकावं लागलं, चांगलंच.
बाहेर कुणीतरी ओरडलं, फितूर!
एक चप्पलही आली; डाव्या पायाची, अंगठा तुटलेली.

आता तिथं काचेची इमारत आहे.
किल्ली माझ्या गॅलरीत, कुंडीत खोचलेली,
मिरचीच्या रोपाला आधार.
पोरं यंदा तेच नाटक बसवतायत,
म्हणतात, काका, किल्लेदार तुम्हीच.
मी म्हटलं, पखाल्या द्या.
त्यांना वाटलं, पाठांतर होत नसेल आता,
वय झालं.