घरचा सामना, चौतीस मैल

बस सुटते सव्वाबाराला, टॅनरी लेनच्या कोपऱ्यावरून,
आमच्याच कुलूपबंद फाटकासमोरून.
घरच्या सामन्याला जायला बस लागते,
हे दुसरं वर्ष.
चौतीस मैलांवर, भलत्याच कुणाच्या मैदानात
आम्ही यजमान असतो
आणि चहाचे पैसेसुद्धा त्यांच्या गल्ल्यात जातात.

क्लब एकाचा, जमीन दुसऱ्याची,
आणि ते दोघे एकच माणूस आहेत, डेरिक म्हणतो.
नाहीत, इफेओमा म्हणते, कागद वाचलेत मी,
इस्पितळाच्या हिशेबखात्यात जन्म गेलाय माझा.
दुसरा त्याचा मेव्हणा आहे.
मग झालं की एकच, डेरिक म्हणतो.

मोटरवे लागायच्या आत सगळी बस पेटलेली.

तिकीट काढणं म्हणजे त्या चोराचं पोट भरणं, म्हणतो डेरिक,
तिकीट खिशात घालून चौथ्या रांगेत बसलेला.
न जाणं म्हणजे पोरांना उघड्यावर टाकणं,
म्हणतात क्लिथरो बंधू, वेगवेगळ्या खिडक्यांशी बसून.
पंधरा वर्षं अबोला आहे त्यांचा,
एवढ्या एका बाबतीत एकमत.
आधीचा मालक बरा होता.
आधीचा? ज्यानं दिव्यांचं बिल थकवलं
आणि आपण अख्खा उत्तरार्ध अंधारात हरलो?
हरलो. पण आपल्या अंधारात.

यावर दोनेक मैल कुणी बोललं नाही.

नवा मालक एकदाच आला होता.
गळ्यात आमचा मफलर,
मागे किमतीची चिठ्ठी लोंबत.
त्यानं हात हलवला, तोही पाहुण्या संघाच्या स्टँडकडे,
आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.
हा विषय बसमध्ये कुणी काढत नाही.
ज्याच्या हाती ससा तो पारधी, खरंय,
पण ससा आम्हीच नेऊन दिला होता,
दोन्ही कान धरून.

थेल्मा ऑर्मरॉड वादात पडत नाही.
विणते. टाके मोजते.
आज मात्र परतीच्या वाटेवर,
शून्य–शून्य घेऊन येताना, तिनं विचारलं,
माझी वीट कुणाची?

उत्तरेच्या भिंतीत, छपराच्या वर्गणीसाठी
पंचवीस पौंडाला एक अशा विटा विकल्या होत्या.
तिच्या विटेवर नवऱ्याचं नाव, एक अक्षर चुकलेलं.
जमीन मेव्हण्याची, भिंत त्याची,
नाव माझ्या माणसाचं, चूक तुमच्या कमिटीची.
आता सांगा.

डेरिकनं तोंड उघडलं, मिटलं.
इफेओमानं चष्मा पुसला.
करारात विटांचा उल्लेख नाही, ती म्हणाली.

मग थेल्मानं पिशवीतून, लोकरीच्या गुंड्याखालून
छिन्नी काढली.

काझिमेर्झनं बस थांबवली, नियम मोडून,
हेडलाइट भिंतीवर धरले.
नव्वद मिनिटांत एकही गोल न पाहिलेली माणसं
एका विटेभोवती गोळा झाली.
खालून घाल.
खालून नको, तुटेल.
तिरकी धर.
तू कधी झालास गवंडी?
माझा बाप होता.
म्हणूनच निघत नाहीये!

थोरल्या क्लिथरोनं छिन्नी धरली,
धाकट्यानं बसच्या पेटीतला हातोडा उचलला.
हळू, थोरला म्हणाला.
पंधरा वर्षांतला पहिला शब्द,
तोही अंगठ्याच्या काळजीनं.

वीट हलली नाही.
चिमूटभर सिमेंट सांडलं, बस.
राहू दे, थेल्मा म्हणाली,
पक्की बसवलीय मेल्यांनी.
आणि त्या चुकलेल्या अक्षरावरून
हातमोज्यानं धूळ पुसली.

फाटकाच्या फटीतून डेरिक आत बघत होता.
गवत गुडघ्याएवढं, गोलच्या तोंडाशी पिवळं काहीतरी उगवलेलं.
उजवा कोपरा अजून उताराचाच आहे, तो म्हणाला.
उतार नव्हताच कधी तिथं.
होता. तिथं चेंडू आपोआप बाहेर जायचा.
चेंडू बाहेर जायचा कारण तुमचा तो लेफ्ट बॅक...

काझिमेर्झनं हॉर्न दिला. मग पुन्हा दिला.