डाव्या हाताचं काम

पापाच्या तिकटीच्या आतल्या बोळात बापाचं दुकान,
म्हणजे एक ऐरण, चार कानशी
आणि गिऱ्हाइकासाठी गोणपाट टाकलेला पेटारा.
आम्ही शिकलगार. आजा तलवारींना धार लावायचा,
बाप, दस्तगीर, बंदुकीच्या नळ्या पुसायचा.

तात्यासाहेब शिंत्रे दोन रायफली घेऊन आले,
बेळगावच्या कुणा म्हाताऱ्या साहेबाच्या लिलावातल्या.
एक आपोआप भरणारी: घोडा ओढा, बार, पुन्हा ओढा, बार.
दुसरी पंपाची.
पंप म्हटल्यावर मी विहीर शोधली. नऊ वर्षांचा होतो.

"एकच ठेवणार. दाजीपूरच्या रानाला, सांबरासाठी.
कुठली?"

बापानं आधी चहा सांगितला.
मग म्हणाला, "सरकार, डावा खांदा धरतोय काय अजून?
हाकाऱ्याला कोण असतंय? पोरं असत्यात?
कारवी किती वर आलीया औंदा?"
"अरे, बंदूक निवडायला आलोय, सोयरीक जुळवायला नाही."
"त्येच की," बाप म्हणाला.

आपोआप भरणारी उघडून दाखवली,
स्प्रिंगा, धुराची वाट, तांदळाएवढं भोक.
"दाजीपूरचं धुकं हितं बसणार. एक पान अडकलं
की बया रुसली.
आणि घाई हिची असती, नाव तुमचं लागतंय."

मग पंपाची उचलली. डावा हात मागं, पुढं.
खर्र्-खट्.
कठड्यावरचं मांजर उतरून गेलं.
"हिला दर बाराला हातानं सांगावं लागतंय.
तेवढ्यात झाडामागनं काय निघालं ते दिसतंय,
सांबर का गुराखी."

पंपाची ठरली. बापानं सागाची नवी मूठ बसवली.
अकरा रुपये.
"आल्यावर देतो."

आले पंधरा दिवसांनी, चिखलाच्या बुटांनिशी.
"पहिला बार अंजनीच्या खोडात.
सवयीनं पुन्हा घोडा ओढला. काही नाही.
सांबर तिथंच, कान माझ्याकडं,
आणि हा डावा हात, दस्तगीर, हा हात
झोपल्या पोराखाली अडकावा तसा.
तुझ्या पंपानं घालवलं!"
पैसे न देताच गेले.
बाप ब्रशनं कानशीचे दात झाडत राहिला.

पुढं कायदा आला, शिकार संपली.
निवडणूक लागली की रायफली ठाण्यात जमा, झाली की परत.
बोळात आम्ही कुलपं दुरुस्त करायला लागलो.
मग मी उद्यमनगरात, लेथवर,
पंपांचे दट्टे कातायला. खरे पंप, विहिरीवरचे.

परवा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी
शिंत्र्यांचा नातू आला, तीच घेऊन,
परवाना प्लॅस्टिकच्या पाकिटात.
"पूजेला मांडायचीय, काका. मूठ हलते.
चालायला नको, बरी दिसली म्हणजे झालं."

रिकामी आहे ना, दोनदा बघितलं, बाप बघायचा तसं.
खुंटी मारली. सागाला त्याच्या रंध्याच्या रेघा होत्या अजून.
ओढली: खर्र्... अडकली.
तेल. पुन्हा.
खर्र्-खट्.

चार लेथ चालू होते, कुणाला ऐकू गेलं नाही.
माझा हात तिथंच, मागच्या-पुढच्या मध्ये,
अडीच इंचांत उभा राहिला थोडा वेळ.
पलीकडं काही होतं असं नाही,
भिंत होती, भिंतीवर टांगलेले पाने.

"किती झाले, काका?"
"आजचं काही नको.
मागचे अकरा तेवढे द्या."