अंगठ्याचा खळगा

केंद्राच्या भिंतीवर एक तक्ता आहे,
किन्शासाहून गुंडाळून आलेला,
खालचा कोपरा वाळवीनं खाल्लेला.
कसाव्याचं पीठ : शंभर ग्रॅममागे प्रथिनं जेमतेम दोन.
भोपळ्याचं बी, सोललेलं : तीस.
दर मंगळवारी छडी लावून मी हे वाचते,
आणि बाया ऐकून घेतात,
त्यांच्या आया पाद्र्याचं लॅटिन ऐकून घ्यायच्या तसं.

"तीस काय, ऑनोरिनबाई?"
मागून मायांबा विचारते. "फ्रँक?"
हशा पिकतो. मीही हसते.
मग ती जमिनीवर काडीनं हिशेब मांडते.
पेलाभर म्बिका सोलायला अख्खी दुपार,
नखं ठणकतात ते वेगळंच.
तोच पेला किक्वितच्या बाजारात गेला
तर येताना घमेलंभर पीठ.
घमेल्यावर सहा तोंडं, चार दिवस.
पेल्याचं होतं एका वेळचं कालवण.
"आता सांगा, मोठं काय? दोन का तीस?"

छडी हातातच राहिली.
पोट रात्री ओरडतं, सगळी वस्ती ऐकते.
मांस, रक्त, केस ओरडत नाहीत,
न सांगता निघून जातात.

तिच्या मांडीवर लुझोलो, दोन वर्षांचा.
गाल टमटमीत. शेजारीण म्हणाली,
काय बाळसं धरलंय पोरानं!
केस मात्र गंजल्या तारेसारखे तांबूस,
आणि पुढे केलेल्या चेंडूकडे
त्यानं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.
मी त्याच्या पावलावर अंगठा दाबला,
दहा मोजले, उचलला.
खळगा तसाच राहिला.

मायांबा बघत होती.
खळगा तिच्या ओळखीचा होता.
लुकूचा गरम गोळा मुठीत वळून
अंगठ्यानं आम्ही असाच दाबतो,
कालवण उचलायला.
किती महिने झाले, तिच्या घरी
त्या खळग्यात नुसतं मिठाचं पाणी.

म्हणून मग तक्त्यात नाही ते सांगितलं.
कंद झाड स्वतःपुरता ठेवतं,
मातीखाली, वाईट दिवसांसाठी.
बी म्हणजे लेकराची शिदोरी.
पुन्हा भेट नाही हे वेलीला माहीत असतं,
म्हणून एवढ्याशा कवचात ती कोंबते
तेल, बळ, होतं नव्हतं ते सारं.

"म्हणजे आपण दुसऱ्याच्या लेकराचं पळवायचं?"
"हो," म्हटलं. "पळव."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली,
"कसाव्याला मात्र नावं ठेवू नका.
शिपाई आले त्या वर्षी त्यांनी कोंबड्या नेल्या,
टांगलेले भोपळे नेले, बियाणं नेलं.
मातीखालचं त्यांना दिसलं नाही.
माझी आई त्यावर जगली,
म्हणून मी इथं बसून तुमचं ऐकतेय."

हे मी कुठल्या रकान्यात लिहू?

पुढच्या मंगळवारी ती आली,
कापडाच्या टोकाला गाठ. सोडून माझ्यापुढे केली :
म्बिका, ओंजळभर, पांढरीशुभ्र.
"तुमची फी," म्हणाली.
मी संतापले. मग संतापाची लाज वाटली.
घरातलं सगळ्यात मोलाचं तिनं आणलं होतं,
कारण मीच त्याचं मोल सांगितलं होतं.

आंब्याखाली उखळ मागवलं.
कुटायच्या आधी तिनं अकरा बिया वेचून घेतल्या,
पेरायला. हो, सोललेल्या, ते तिलाही कळत होतं,
तरी पुन्हा गाठ मारली.
पानात बांधून पुडी निखाऱ्यावर ठेवली.
वास आला तशा बाकीच्या बाया
तक्त्याकडे पाठ करून बाहेर आल्या.

लुझोलोनं दोन बोटं चाटली,
तिसऱ्याला तोंड मिटून घेतलं.
मी पावलावर अंगठा ठेवला.
एक, दोन, मोजायला लागले,
मायांबाही पुटपुटत होती माझ्याबरोबर.
नवावर त्यानं पाय ओढून घेतला.