साडेचार टक्के

मुंबईहून आकडे आले मंगळवारी.
गेल्या तिमाहीत सहा पूर्णांक एक,
आता साडेचार.
काचेच्या खोलीत तनपुरे सरांनी लाल पेनाने
माझ्या तासाभोवती गोल काढला :
रात्री अकरा ते बारा, जुनी भावगीतं.
"तरुण व्हायला हवं आपल्या स्टेशननं," म्हणाले
आणि गुडघा धरून उठले.

एक तारखेपासून तिथे नाचरी गाणी,
एकाला लागून एक.
मध्ये कुणी बोलायचं नाही.
यादी कॉम्प्युटर लावेल.

अंबडच्या कारखान्यातून रोज फोन करणारे
निरगुडे वॉचमन
फर्माईश कधीच करत नाहीत.
"ताई, मघाशी तबला जरा दबला होता,"
एवढं सांगतात,
आणि सिडकोत उद्या पाणी येणार का
ते मलाच विचारतात,
जणू धरणाची चावी माझ्या टेबलात.

काल त्यांना आकड्यांचं सांगितलं.
बराच वेळ नुसती मशीनची घरघर.
मग म्हणाले,
"आली होती एक पोरगी, वही घेऊन, भरदुपारी.
मी झोपलेलो.
सूनबाईनं सांगून टाकलं,
आमच्यात रेडिओ कुणी ऐकत नाही."

मी हसले. तेही हसले, खोकेपर्यंत.

तेवढ्यात गाणं संपून गेलेलं.
सहा-सात सेकंद नुसती शांतता गेली हवेत,
देवळाली कॅम्पपासून पार ओझरपर्यंत.
कुणाची तक्रार नाही.
फक्त कानाला लावलेल्या फोनमधून
निरगुडे, हळूच :
"ताई, तुमचं बंद पडलंय."