कणी

वेंगुर्ल्यात सकाळचे आठ.
काट्याला काचेची दारं आहेत,
उघडी राहिली तर तो श्वासाचंही वजन सांगतो.
दारं लावून मी काजूची पूड तोलते.
तीन मिलिग्रॅम. दहा. तीस. शंभर.
अंगाऱ्याच्या असाव्यात तशा पुड्या,
फक्त यांच्यावर क्रमांक आहेत.

दर्शना आरोलकर कारखान्यात दिवसाला आठ किलो गर सोलते.
आधी फोडायला होती,
चिकाचे काळे डाग तळहातावर अजून आहेत.
घरी गेली की आधी राख, मग साबण, मग खोबरेल,
आणि त्यानंतर मूल.
आजही दारातच हात पुढे केले तिने, तपासणीला आल्यासारखे.
"तीनदा धुतलंय. आता घेव काय तेका?"

निहार, वय चार वर्षं दोन महिने.
मागच्या चैत्रात कुणाच्या तरी बारशाला
ओल्या काजूच्या उसळीचा एक घास,
आणि मग रिक्षा, सुजलेले डोळे, सावंतवाडीपर्यंतचा रस्ता.
तेव्हापासून तो जेवत नाही.
मासे नाही, डाळ नाही, घावनं नाहीत.
आंबासुद्धा नाही, आणि तेही इथे.
खातो फक्त पेज.
पांढरी, मीठ घातलेली, आईने त्याच्यासमोर ढवळलेली.

अभ्यासाचा नियम असा
की पूड अशात मिसळावी जे मूल आनंदाने खातं.

मी पेज मागवली.

पहिली पुडी मिसळताना तो माझ्या हाताकडे बघत नव्हता,
खिडकीतून बंदरावरची होडी बघत होता.
त्याने बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं,
आणि नसतं बघितलं तेच बरं, असंही.
अख्ख्या जगात त्याचा एका वाटीवर विश्वास उरला होता
आणि आम्ही नेमकी तीच वाटी निवडली होती.

डॉक्टर ढवळशीकर ट्रेमधलं इंजेक्शन पुन्हा तपासतात.
वीस मिनिटं. ओठ, जीभ, कानामागे, पोट.
दुसरी पुडी. वीस मिनिटं.
वारा फिरला आणि भट्टीचा वास वॉर्डात आला,
गोडसर, जळका.
सगळं गाव हा वास घेतं. फॉर्ममध्ये वाऱ्याचं नाव नाही.

तिसरी पुडी.
अकराव्या मिनिटाला त्याने कान खाजवला.
बाराव्याला खालचा ओठ गांधील चावल्यासारखा.
मग खोकला, मग आम्ही सगळे एकदम उभे,
मांडीत सुई, मास्क, आईचा पदर त्याच्या मुठीत.
चाळीस मिनिटांत तो झोपला.
ओठ हळूहळू त्याचा झाला.

मी आकडा लिहिला.
तिने विचारलं, म्हणजे किती?
एका गराचा नववा हिस्सा असेल, मी म्हटलं.
ती मनातल्या मनात चाळत गेली:
अख्खा, फाडा, तुकडा.
"म्हणजे कणी," ती म्हणाली,
"कणी आमी झाडून काढतंव."
मग नखं बघत राहिली, एकेक.

शंभरची पुडी तशीच राहिली होती.
बंद पिशवीत घालून, लाल खूण करून मी ती टाकली,
हात धुतले, पुन्हा धुतले.

आठवड्याने फोन केला. विचारायचं होतं ते विचारता येईना,
म्हणून आधी पावसापाण्याचं, कारखान्याचं बोलले.
तिला आता पॅकिंगला टाकलंय, हातमोजे देतात,
पैसे कमी.
आणि पेज?

दोन दिवस वाटीला शिवला नाही, ती म्हणाली.
तिसऱ्या दिवशी चमचा स्वतः उचलला.
"आधी माका भरवल्यान.
मगे माज्या ओठांकडे बघीत बसलो,
कितको वेळ.
मगे खाल्ल्यान."

किती चमचे? मी पेन उघडून विचारलं.

"मोजूक नाय गो."