बारदान वजा जाता

सहा वर्षांपूर्वी एकशे अडतीस.
मग ब्याऐंशी.
आज एकशे नऊ, चपला काढून.
मी तोलार. शाहू मार्केट यार्डात तीस वर्षं
गुळाचे रवे काट्यावर चढवतोय,
आकडा कमी-जास्त सांगायची सवय नाही जिभेला.

डॉक्टर तेरदाळे रिपोर्टच्या पाठीवर चित्र काढतात.
अंड्याएवढी पिशवी ठेवली होती तुमची, भूपालराव,
आता बघा.
पेन गोल फिरतं, जरा मोठं.
खालचं तोंड तर
धुऊन धुऊन नाडी सैल झालेल्या पायजम्यासारखं.

दुर्बीण घशातून उतरवून ते आवळता येईल,
पोटावर नवा वण नाही,
टाके किती दिवस धरतील हे मात्र टाकेच जाणोत.
किंवा पिशवीभोवती पट्टा.
किंवा आतडं आणखी खालून जोडायचं,
म्हणजे घास अंगी लागायच्या आत पुढं जाईल,
त्याच्याबरोबर लोह, कॅल्शियम, झोप, अब्रू,
आणि यार्डात संडास कुठं आहे
हे आधी बघून ठेवावं लागेल.
नाहीतर दर आठवड्याला सुई.
सुई थांबवली तर?
डॉक्टर पेनाला टोपण लावतात.

एक सांगायचं राहिलं त्यांना.

ऑपरेशननंतरचा पहिला हंगाम.
सौद्याआधी रव्याची कड खरवडून
जिभेवर ठेवायची जुनी खोड.
दहा मिनिटांत घामानं निथळलो,
छातीत हलगी, पोत्यांवर आडवा.
हमाल हसले, गुळानंच मामाला जोखला म्हणाले.
तीन वर्षं त्या भीतीनं माझी राखण केली.
मग एका दुपारी पुन्हा खडा ठेवला
आणि घामाची वाट बघत बसलो.
आला नाही.
दुसरा ठेवला.
घरी पद्माला सांगितलं, ती म्हणाली, बरं झालं की.
मला वाटलं, दारातलं कुत्रं मेलं.

पैसे पाण्यात, असं मेहुणा म्हणतो.
दसलक्षणात दहा दिवस एकभुक्त राहिलो,
काटा जागचा हलला नाही.
डॉक्टर म्हणतात, शरीर जुनं वजन विसरत नाही,
दोष तुमचा नाही.
ऐकायला बरं वाटतं. पटायला वेळ लागतो.
आषाढात गोदामातला गूळ
दमट हवा ओढून पाझरायला लागतो,
लिहिलेलं वजन आणि असलेलं वजन
एकमेकांना ओळखत नाहीत,
तेव्हा गुळाला कुणी शिव्या देत नाही.

ब्याऐंशीचा होतो तेव्हा
जुने शर्ट वाटून टाक म्हणालो होतो.
परवा ट्रंकेतून तिनं तेच काढले,
घड्या तशाच, डांबराच्या गोळ्यांचा वास.
तेव्हा दिसले असते तर भांडलो असतो.
परवा नुसता हात बाहीत घातला.
तिला ठाऊक होतं
की तिनं नुसतं कापड जपलं?
विचारलं नाही. शर्ट बरोबर बसला.

फाईल घेऊन परत यार्डात आलो तर सौदे आटोपलेले,
माशा, सांडलेल्या चुऱ्याचा वास,
आणि मोठा काटा मोकळा.
चढलो.
सत्ताप्पा वही घेऊन पुढं आला, तोंड गंभीर करून:
मामा, बारदान किती धरू?

तीस वर्षं हाच प्रश्न मी दुसऱ्यांना विचारला,
पोत्याचं, कापडाचं, सुतळीचं वजा करून
आत खरं किती ते सांगितलं.
माझ्यात सुतळी कुठली, गूळ कुठला,
वण धरायचा का त्यात, मेहुण्याचं बोलणं,
दोन वेळा मोजलेली चतकोर भाकरी?

फाईल तरी खाली ठेवा, सत्ताप्पा म्हणाला.
ठेवली.
तांबडे आकडे
वर गेले, खाली आले, ठरेनात.
लिहू?
थांब जरा, म्हणालो.