शनिवार, दहा ते चार

दहाला जुने पाहुणे निघतात, चारला नवे येतात.
मधले सहा तास माझे
आणि व्हॅक्यूमचे.

दारावर पाटी आहे, 'बैदी'.
आमच्या वेल्शमध्ये बैदी म्हणजे गोठा.
माझ्या सासऱ्यांच्या वेळी इथे अकरा गाई होत्या
आणि एक रागीट बैल.
पाहुणे ती पाटी 'ब्यूटी' अशी वाचतात.
दुरुस्त करायचं मी सोडून दिलंय.

मालकीणबाई ब्रिस्टलला असतात, त्यांचे नियम फ्रिजवर:
कुत्र्याचे दिवसाला पाच पौंड जास्त.
मेंढ्यांच्या रानात पट्टा सुटता कामा नये.
कुत्रा जिन्याच्या वर नको.

पहिले दोन पाळतात लोक.

माणूस खोटं बोलेल, रजई बोलत नाही.
वरच्या पांढऱ्या रजईवर मी वाचलेत
लॅब्रॅडॉरचे आखूड केस, सुईसारखे विणीत घुसलेले,
ग्रेहाउंडचा नुसता खळगा, उशीपाशी, अजून कोमट.
पूडलवाल्या बाई गाडीत बसताना शपथेवर सांगून गेल्या,
आमचा ओटिस वर फिरकलासुद्धा नाही हो.
वरच्या खिडकीच्या काचेवर,
पलंगावर उभं राहिल्याशिवाय पोचणार नाही अशा उंचीवर,
ओटिसच्या नाकाचा ओला शिक्का.

मी कळवत नाही. पुसते.

मिस्टर ऑर्मरॉड बोल्टनहून येतात,
ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, गेली नऊ वर्षं,
ते आणि टॅन्सी.
टॅन्सी कुठल्याच जातीत न बसणारी,
एक कान उभा, दुसरा अजून विचारात.
पहिल्याच वर्षी तिने आमच्या मेंढ्या ओढ्यापर्यंत पिटाळल्या.
ग्विलिमने बंदूक काढली, नुसती दाखवायला.
संध्याकाळी ऑर्मरॉड आमच्या अंगणात उभे, हातात वाईन,
मागे टॅन्सी, शेपूट पोटाखाली.
ग्विलिम म्हणाला, वाईन मी पीत नाही.
मग म्हणाला, आत या, दोघंही.

यंदाही बुकिंगमध्ये होतं: माणूस एक, कुत्रा एक.
पैसे दोघांचे भरलेले.
मोटारीतून ते एकटेच उतरले.
मी किल्ली दिली.
म्हणाले, हवा बरी आहे.
म्हटलं, गुरुवारपर्यंत.

मंगळवारी मी ओढ्यापलीकडे होते, कुंपणाची तार ओढत.
ते नेहमीच्याच वाटेने वर आले.
कुंपणावरून चढून जायच्या पायऱ्या आहेत ना,
त्यांच्या शेजारी एक फळी असते, वर उचलायची,
कुत्र्यांना खालून जाता यावं म्हणून.
ऑर्मरॉडनी ती उचलली.
धरून ठेवली.
जितका वेळ एका म्हाताऱ्या कुत्रीला लागतो,
जी आधी हुंगते, मग मागे बघते, मग जाते,
तितका वेळ.
मग फळी सोडली आणि स्वतः पायऱ्या चढले.
मी तारेकडे बघत राहिले. तार घट्ट झाली होती,
तरी ओढत राहिले.

शनिवारी साडेनवालाच गेले ते.
भांडी धुतलेली, राख काढलेली,
टेबलावर वाईनची बाटली, ग्विलिमच्या नावाने,
न पिणाऱ्या माणसाला दहावी.
मी व्हॅक्यूम उचलून वर नेला.
रजई कोरी.
एक केस नाही, एक सुरकुती नाही.
नऊ वर्षं ज्या नियमाची मी वाट पाहिली
तो समोर पसरला होता, आणि मला बसायला जागा नव्हती.

तेवढ्यात ब्रिस्टलचा फोन.
कुत्रीने काही खराब केलं का?
नाही, म्हटलं.
वर गेली होती का?
नाही. यंदा नाही गेली.
अरे वा, त्या म्हणाल्या, शिस्त लागली म्हणायची.

चारला अजून वीस मिनिटं होती
तोच फाटकाशी एक गाडी थांबली.
मागच्या काचेत दोन स्पॅनियल,
चिखल त्यांनी वाटेतच कुठूनतरी मिळवलेला.
त्यांच्या बाई काच खाली करून म्हणाल्या,
'ब्यूटी' हेच ना?
हेच, म्हटलं. या.